लॅपटॉपची सदोष बॅटरी : झीज, दोष आणि ग्राहकाचा हक्क

भुसावळहून निघणारा लोहमार्ग जळगाव, अमळनेर, नंदुरबार असा खानदेश ओलांडीत तापीच्या खोऱ्यातून सुरतेस पोहोचतो. खानदेशातील असंख्य कुटुंबे या मार्गाने सुरतेत गेली आणि यंत्रमाग व कापडाच्या छपाईकाम गिरण्यांच्या आश्रयाने तेथे स्थिरावली. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत आज मराठी व अहिराणी सहज कानी पडते आणि तेथील महानगरपालिकेच्या शिक्षण समितीमार्फत मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळाही चालविल्या जातात. पहिल्या पिढीचे हात मागावर चालले. पुढील पिढीतील अनेकांचे हात संगणकाच्या कळफलकावर चालतात. साडीच्या काठाची नक्षी, छपाईचे आराखडे, बाजारातील व्यापाऱ्यांचे हिशेब, महाविद्यालयीन अभ्यासक्रम, ही सर्व कामे घरच्या घरी एका लॅपटॉपवर होऊ लागली आहेत.

अशा घरात लॅपटॉप ही चैनीची वस्तू नसून उपजीविकेचे साधन असते. म्हणूनच त्याची बॅटरी बिघडली की काम थांबते, मिळकत खंडित होते आणि दुरुस्तीच्या खर्चाचा प्रश्न उभा राहतो. त्याहून गंभीर बाब अशी की, बिघडलेली बॅटरी प्रसंगी आगीस कारणीभूत होऊ शकते. सुरतेतील अनेक घरांतून स्त्रिया साड्यांना लेस लावण्याचे, खडे चिकटविण्याचे व धागे कापण्याचे काम करतात. त्यामुळे कृत्रिम धाग्याच्या साड्यांचे गठ्ठे राहत्या खोलीतच ठेवलेले असतात. त्याच खोलीत रात्रभर चार्जिंगला लावलेला सदोष लॅपटॉप असणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

बॅटरीचा दोष कसा ओळखावा, तो आढळल्यावर कोणती दक्षता घ्यावी आणि ती बदलून मिळविण्यासाठी कायद्याने कोणते मार्ग उपलब्ध आहेत, याची माहिती प्रस्तुत लेखात देण्याचा हेतू आहे.

बॅटरीची रचना

लॅपटॉपमध्ये सामान्यतः लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. या जातीची बॅटरी १९९१ मध्ये प्रथम बाजारात आली. तिचा पाया घालणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. थोड्या वजनात पुष्कळ ऊर्जा साठविणे हा या बॅटरीचा गुण होय; आणि तिच्यातील धोक्याचे मूळही त्याच गुणात आहे.

बॅटरी ही अनेक घटांची मिळून बनलेली असते. प्रत्येक घटात एक धनाग्र व एक ऋणाग्र असून त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकचे अतिशय पातळ, सच्छिद्र पटल असते. हे सर्व एका ज्वालाग्राही द्रवात भिजलेले असते. चार्ज करताना लिथियमचे आयन धनाग्राकडून ऋणाग्राकडे जातात आणि बॅटरी वापरताना ते उलट दिशेने परततात. ही ये-जा विनाअडथळा होणे म्हणजे बॅटरीचे आरोग्य. पूर्ण चार्ज झालेल्या घटाचा विद्युत्‌दाब सामान्यतः ४.२ व्होल्टपर्यंत असतो. ही मर्यादा ओलांडली जाऊ नये, तसेच घट प्रमाणाबाहेर रिकामाही होऊ नये, यासाठी बॅटरीमध्ये एक नियंत्रक मंडल बसविलेले असते.

मधले पटल फाटले वा वितळले की दोन्ही अग्रे एकमेकांस भिडतात. त्यामुळे घटातील ऊर्जा एकाएकी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. त्या उष्णतेने शेजारचा घट तापतो, त्याच्यामुळे त्यापलीकडचा तापतो आणि ही साखळी एकदा सुरू झाली की चार्जर काढून घेतल्यानेही ती थांबत नाही. बॅटरीतून निघणारा धूरही विषारी असतो.

झीज कोणती आणि दोष कोणता

बॅटरी बदलून मागणाऱ्या ग्राहकास बहुधा एकच उत्तर ऐकावे लागते : ‘वापराने बॅटरी उतरतेच.’ हे विधान अर्धसत्य आहे. संपूर्ण मागणीचा निकाल झीज आणि दोष यांतील भेदावर अवलंबून असल्याने हा भेद नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

झीज ही संथ आणि अपरिहार्य असते. बॅटरीची क्षमता एकदा पूर्णपणे वापरून पुन्हा भरली की तिचे एक आवर्तन झाले असे मानतात. निम्मी क्षमता दोन वेळा वापरली तरी आवर्तन एकच धरले जाते. लॅपटॉपच्या बॅटऱ्या साधारणतः तीनशे ते एक हजार आवर्तनांपर्यंत मूळ क्षमतेच्या सुमारे ८० टक्के क्षमता टिकवतील अशा रीतीने तयार केलेल्या असतात; नेमका आकडा प्रत्येक उत्पादकाचा वेगळा असतो. उष्णतेने ही झीज वाढते. सुरतेच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखालील खोलीत, सतत चार्जरला जोडून ठेवलेली बॅटरी लवकर थकते, यात नवल नाही.

दोषाची लक्षणे वेगळी असतात. थोड्याच आवर्तनांत क्षमता एकदम ढासळणे, पडद्यावर ४० टक्के शिल्लक दिसत असताना लॅपटॉप अकस्मात बंद पडणे, चार्जर लावूनही टक्केवारी न वाढणे, हलके काम चालू असताना तळ हात लावता येणार नाही इतका तापणे, गोडसर वा उग्र रासायनिक वास येणे आणि बॅटरी फुगणे ही ती लक्षणे होत. यांपैकी काही तक्रारींचे मूळ सदोष चार्जरमध्ये किंवा लॅपटॉपच्या मुख्य मंडलात असू शकते. म्हणून चार्जरही तपासून घ्यावा.

फुगण्याचे लक्षण सर्वांत गंभीर मानावे. घटातील द्रवाचे विघटन होऊन त्यातून वायू तयार होतो व त्याच्या दाबाने बॅटरीचे आवरण फुगते. ही बॅटरी लॅपटॉपच्या आत असल्याने ती दृष्टीस पडत नाही; परंतु कळफलकाचा मधला भाग उचलला जाणे, बोटाने सरकविण्याची पट्टी दाबली न जाणे, झाकण पूर्ण न मिटणे किंवा सपाट मेजावर लॅपटॉप डुगडुगणे यांवरून ती ओळखता येते. बॅटरी जुनी असो वा नवी, ती फुगल्यानंतर वापरण्यास अयोग्य ठरते.

पूर्वीच्या घटनांपासून बोध

बॅटरीच्या दोषाचे खापर प्रत्येक वेळी ग्राहकाच्या वापरावर फोडणे योग्य नाही, हे मोठ्या कंपन्यांनीच वेळोवेळी मान्य केले आहे. ऑगस्ट २००६ मध्ये डेल कंपनीने आपल्या लॅपटॉपमधील सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागविल्या. त्याच महिन्यात अ‍ॅपल कंपनीनेही सुमारे १८ लाख बॅटऱ्या परत घेण्याची घोषणा केली. या बॅटऱ्यांतील घट सोनी कंपनीने तयार केलेले होते. घट तयार करताना धातूचे सूक्ष्म कण आत राहून गेले होते आणि त्यांच्यामुळे घटाच्या अंतर्भागात विद्युत् प्रवाहाचा संक्षेप होण्याचा संभव निर्माण झाला होता. अन्य कंपन्यांच्या लॅपटॉपमध्येही तेच घट असल्याने परत मागविलेल्या बॅटऱ्यांची संख्या अखेरीस ९० लाखांच्या वर गेली. डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांनी एवढा अनर्थ घडविला.

भारतातील जनतेस या प्रश्नाची तीव्र जाणीव झाली ती पुढील वर्षी. ऑगस्ट २००७ मध्ये नोकिया कंपनीने ‘बीएल-५सी’ या मोबाईल बॅटरीविषयी इशारा प्रसिद्ध केला. मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात तयार केलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांपैकी काही चार्ज होताना प्रमाणाबाहेर तापण्याची शक्यता होती. भारतातील सेवा केंद्रांवर लोकांनी गर्दी केली. कोणती बॅटरी बदलून मिळेल हे तिच्यावर छापलेल्या क्रमांकावरून ठरविण्यात येत होते. ज्याने तो क्रमांक पाहिला त्याचे काम मार्गी लागले. ज्याने केवळ अफवा ऐकली त्याची भीती मात्र वाढली.

जून २०१९ मध्ये अ‍ॅपल कंपनीने सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१७ या काळात मुख्यतः विकल्या गेलेल्या १५ इंची ‘मॅकबुक प्रो’ लॅपटॉपच्या काही संचांतील बॅटऱ्या विनामूल्य बदलून देण्याचे जाहीर केले. त्यानंतर ऑगस्ट २०१९ मध्ये भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने असे संच, त्यांची बॅटरी सुरक्षित असल्याची खात्री होईपर्यंत वा ती बदलली जाईपर्यंत, विमानातून नेऊ नयेत असे प्रवाशांना सांगितले.

या तिन्ही घटनांचा बोध एकच आहे. हमीची मुदत संपली असली तरी उत्पादकाने विशिष्ट क्रमांकांच्या बॅटऱ्या परत मागविल्या असल्यास त्या विनामूल्य बदलून मिळू शकतात. म्हणून बॅटरीविषयी तक्रार निर्माण होताच प्रथम लॅपटॉपचा अनुक्रमांक उत्पादकाच्या संकेतस्थळावर तपासून पाहावा.

दोष आढळताच घ्यावयाची दक्षता

बॅटरी फुगल्याचा, वास येत असल्याचा वा ती अतिशय तापत असल्याचा संशय येताच चार्जर काढून घ्यावा आणि लॅपटॉप बंद करावा. तो पुन्हा सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा. लॅपटॉप फरशीसारख्या न जळणाऱ्या पृष्ठभागावर, कापड, कागद, गादी व स्वयंपाकाचा गॅस यांपासून दूर ठेवावा. मुलांना त्याच्याजवळ जाऊ देऊ नये.

फुगलेली बॅटरी दाबून बसविणे, टाचणीने टोचून तिच्यातील वायू काढणे, शीतकपाटात ठेवणे यांसारखे उपाय जीवावर बेतू शकतात. बॅटरी यंत्राच्या आत बसविलेली असल्यास ती घरी उघडून काढू नये. तसे केल्यास धोका तर वाढतोच. शिवाय यंत्र ग्राहकाने उघडले या कारणावरून हमी नाकारली जाण्याचाही संभव असतो. अशी बॅटरी साध्या टपालाने वा कुरियरने पाठवू नये आणि विमानप्रवासात सोबत नेऊ नये. उत्पादकाशी संपर्क साधून ती नेण्याची व्यवस्था त्यानेच करावी असे सांगावे, अथवा यंत्र स्वतः सेवा केंद्रात न्यावे व तेथील कर्मचाऱ्यास बॅटरी फुगल्याची कल्पना आधीच द्यावी.

धूर वा ज्वाळा दिसल्यास घरातील सर्वांनी प्रथम बाहेर पडावे आणि अग्निशमन दलास १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. जळता लॅपटॉप हातात घेऊन दाराबाहेर धावण्याचा प्रयत्न करू नये.

नोंद हाच पुरावा

उदाहरणादाखल एक प्रसंग घेऊ. उधना येथील एक तरुण साड्यांच्या नक्षीचे आराखडे घरी बसून तयार करतो. त्याने घेतलेल्या लॅपटॉपवर व त्याच्या बॅटरीवर एक वर्षाची हमी आहे. अकराव्या महिन्यात कळफलक उचलला गेल्याचे त्याच्या लक्षात येते. सेवा केंद्रात त्यास सांगितले जाते की, अतिवापराने बॅटरी झिजली असून झिजेस हमी लागू नाही. आता त्याने काय करावे?

या तरुणाने आठव्या, नवव्या व दहाव्या महिन्यांत बॅटरीचा अहवाल काढून जपून ठेवला असेल तर त्याची बाजू भक्कम आहे. विंडोज प्रणालीत ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून ‘पॉवरसीएफजी’, नंतर एक मोकळी जागा, पुढे तिरकी रेघ व तिला जोडून ‘बॅटरीरिपोर्ट’ असे इंग्रजी अक्षरांत टंकलिखित केल्यास असा अहवाल विनामूल्य तयार होतो. अ‍ॅपलच्या संगणकात ‘सिस्टीम इन्फर्मेशन’मधील विद्युत्‌विषयक भागात आवर्तनांची संख्या व बॅटरीची स्थिती पाहावयास मिळते.

विंडोजच्या अहवालातील तीन आकडे महत्त्वाचे असतात. पहिला मूळ क्षमतेचा, दुसरा सध्याच्या पूर्ण चार्ज क्षमतेचा आणि तिसरा आवर्तनांचा. समजा, मूळ क्षमता ४२ वॉट-तास आहे व दहाव्या महिन्यात पूर्ण चार्ज क्षमता २३.१ वॉट-तास भरली. २३.१ ला ४२ ने भागून १०० ने गुणले असता ५५ हे उत्तर येते. म्हणजे क्षमता ५५ टक्क्यांवर आली आहे. आवर्तनांची संख्या मात्र १७० आहे. तीनशे आवर्तनांनंतरही ८० टक्के क्षमता राहावी असे उत्पादक स्वतः सांगत असेल, तर १७० आवर्तनांतच ४५ टक्के घट होणे यास ‘अतिवापर’ हे स्पष्टीकरण पुरेसे ठरत नाही. आठव्या व नवव्या महिन्यांतील आकडे शेजारी ठेवले की ही घट क्रमाने झाली की एकाएकी, हेही दिसून येते. आणि पूर्वीचे आकडे काहीही असोत, बॅटरी फुगणे ही सुरक्षिततेची बाब असल्याचे तो निराळेपणाने मांडू शकतो.

हा अहवाल दोष दिसल्यानंतर काढता येईलच असे नाही. कारण फुगलेल्या बॅटरीचे यंत्र सुरू करणेच धोक्याचे असते. म्हणून यंत्र सुस्थितीत असतानाच महिन्यातून एकदा अहवाल काढण्याची सवय ठेवावी व त्याची प्रत, तसेच कामाच्या फायलींची प्रतही, अन्यत्र जतन करावी. ज्याने अशी नोंद ठेवली नसेल त्याने निराश होण्याचे कारण नाही. उचललेल्या कळफलकाची बाजूने घेतलेली छायाचित्रे, त्यांवरील दिनांक आणि खरेदीची पावती यांनाही पुराव्याचे मोल आहे.

सेवा केंद्रातील व्यवहार

लॅपटॉप सेवा केंद्राच्या स्वाधीन करण्यापूर्वी त्याची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. यंत्र ताब्यात देताना ‘जॉब शीट’ अवश्य मागून घ्यावी. तिच्यावर लॅपटॉपचा अनुक्रमांक, ग्राहकाने सांगितलेला दोष, यंत्राची बाह्य स्थिती व दिनांक यांची नोंद झाल्याखेरीज निघू नये. ‘बॅटरी फुगलेली आहे’ हे वाक्य त्यात स्पष्टपणे लिहून घ्यावे. केवळ ‘बॅटरी तक्रार’ अशी मोघम नोंद पुढे निरुपयोगी ठरते. यंत्रातील माहिती पुसू नये, असेही लेखी सांगावे.

हमीपत्र वाचताना दोन बाबी पाहाव्यात. लॅपटॉपला तीन वर्षांची हमी असली तरी बॅटरीस पुष्कळदा एकच वर्षाची असते, ही पहिली बाब. ‘झिजणारा भाग’ म्हणून बॅटरीची घटलेली क्षमता हमीतून वगळलेली असली तरी बनावटीतील दोष त्याच वाक्यात वगळलेला आहे काय, ही दुसरी. पुष्कळ हमीपत्रांत झीज वगळतानाच साहित्य व बनावट यांतील दोषांची जबाबदारी उत्पादकाने कायम ठेवलेली असते. ते नेमके वाक्य अधोरेखित करून आपल्या अर्जास जोडावे.

मागणी नाकारली गेल्यास नकाराचे कारण लेखी मागावे. तोंडी नकारास उत्तर देता येत नाही. त्यानंतर उत्पादकाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे थोडक्या शब्दांत अर्ज पाठवावा. खरेदीचा दिनांक व पावतीचा क्रमांक, यंत्राचा अनुक्रमांक, दोष प्रथम दिसल्याचा दिनांक, सेवा केंद्रातील जॉब शीटचा क्रमांक, नकाराचे कारण आणि आपली नेमकी मागणी, एवढ्या बाबी त्यात असल्या की पुरे. मागणी एकच व स्पष्ट असावी : बॅटरी विनामूल्य बदलून द्यावी. संतापाचे शब्द अर्जाचे वजन वाढवीत नाहीत. दिनांक मात्र वाढवितात.

लॅपटॉप संगणकीय बाजारपेठेतून मागविलेला असल्यास ‘ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२०’ लागू होतात. अशा संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याने तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांच्या आत देणे व तक्रारीचे निवारण एक महिन्याच्या आत करणे आवश्यक आहे.

कायद्याचा आधार

ग्राहकांच्या हक्कांचा स्वतंत्र कायदा देशात प्रथम १९८६ मध्ये झाला. त्यास २४ डिसेंबर रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. त्याची जागा घेणारा ‘ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९’ हा जुलै २०२० पासून अमलात आला आहे. सुरतेतील मराठी कुटुंबांच्या दृष्टीने त्यातील चार तरतुदी विशेष लक्षणीय आहेत.

पहिली तरतूद ग्राहकाच्या व्याख्येची. व्यापारी प्रयोजनासाठी वस्तू घेणारा या कायद्याखाली ग्राहक ठरत नाही. परंतु स्वयंरोजगाराद्वारे केवळ आपल्या उपजीविकेसाठी वस्तू घेऊन ती स्वतः वापरणारा मात्र ग्राहकच होय. नक्षीचे आराखडे काढणाऱ्या उपरोक्त तरुणास ‘तुम्ही लॅपटॉप धंद्यासाठी घेतला’ असे सांगून कोणी वाटेस लावू शकत नाही.

दुसरी तरतूद स्थळाची. पूर्वीच्या कायद्यानुसार सामान्यतः विरुद्ध पक्षाचे कार्यालय असेल तेथे किंवा तक्रारीचे कारण घडले तेथे तक्रार दाखल करावी लागे. आता तक्रारदार जेथे राहतो किंवा मिळकतीसाठी काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते. नंदुरबारला लॅपटॉप घेऊन सुरतेत राहणाऱ्याने तक्रारीसाठी सुरतेबाहेर जाण्याचे कारण उरलेले नाही.

तिसरी तरतूद खर्चाची व मुदतीची. वस्तूसाठी दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते आणि ती किंमत ५ लाखांपर्यंत असल्यास कोणतेही शुल्क द्यावे लागत नाही. वकील नेमण्याची सक्ती नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. तिचा निकाल शक्यतो तीन महिन्यांत आणि वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी करावी लागल्यास पाच महिन्यांत व्हावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात याहून अधिक काळ लागू शकतो, हे ध्यानी ठेवून कागदपत्रे जपावीत.

चौथी तरतूद दिलाशाची. दोष सिद्ध झाल्यास तो दूर करणे, वस्तू बदलून देणे, किंमत परत करणे आणि नुकसानीची भरपाई देणे यांचे आदेश आयोग देऊ शकतो. सदोष वस्तूमुळे शरीरास वा अन्य मालमत्तेस हानी पोहोचल्यास उत्पादकाच्या दायित्वाविषयी २०१९ च्या कायद्यात स्वतंत्र प्रकरण आहे.

आयोगाकडे जाण्यापूर्वी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक वापरून पाहावा. मराठी व गुजरातीसह अनेक भारतीय भाषांतून तेथे बोलता येते. पुष्कळशा तक्रारींचा निकाल याच टप्प्यावर, उत्पादकाशी होणाऱ्या पत्रव्यवहारातून लागतो. तेवढ्याने न भागल्यास १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘ई-जागृती’ या शासकीय संकेतस्थळावरून तक्रार दाखल करता येते. तक्रारीची भाषा व प्रती यांविषयी जिल्हा आयोगाच्या कार्यालयात आधी विचारणा करावी.

नवी बॅटरी घेताना

हमीची मुदत खरोखरच संपली असल्यास बॅटरी विकत घ्यावी लागते. या वेळी स्वस्ताईच्या मोहाने पुन्हा फसगत होण्याचा संभव असतो. लिथियम बॅटऱ्यांसाठी आय. एस. १६०४६ हे भारतीय मानक असून त्या सक्तीच्या नोंदणी योजनेत समाविष्ट आहेत. बॅटरीवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह व ‘आर’ या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावयास हवा. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाईल सुविधेत तो क्रमांक पडताळून पाहता येतो. विद्युत्‌दाब व वॉट-तास हे आकडे जुन्या बॅटरीशी जुळतात की नाही तेही पाहावे. पावतीविना मिळणारी बॅटरी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. कारण पावती नसल्यास दोष कोणापाशी मांडावयाचा हाच प्रश्न पडतो.

नव्या बॅटरीचे आयुष्य वाढविणे बऱ्याच अंशी वापरणाऱ्याच्या हाती आहे. लॅपटॉप गादीवर वा उशीवर ठेवून वापरू नये. त्यामुळे हवेचे मार्ग बुजतात. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबविण्याची सोय यंत्रात असल्यास ती वापरावी. यंत्र बरेच दिवस वापरावयाचे नसल्यास बॅटरी निम्मी भरलेली ठेवून ते थंड व कोरड्या जागी ठेवावे.

जुन्या बॅटरीची विल्हेवाट

बदललेली जुनी बॅटरी घरच्या केरात टाकणे अत्यंत अयोग्य होय. कचरागाडीत ती चिरडली गेल्यास पेट घेते आणि त्या आगीची झळ प्रथम सफाई कामगारास लागते. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार सर्व प्रकारच्या वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांचे पुनश्चक्रण करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. ग्राहकाचे कर्तव्य एवढेच की, बॅटरी इतर कचऱ्यात न मिसळता ती सेवा केंद्राच्या वा अधिकृत संकलन केंद्राच्या स्वाधीन करावी. कोबाल्ट, निकेल, तांबे यांसारखे मौल्यवान धातू त्यातून पुन्हा मिळविता येतात.

मागावर काम करणाऱ्या पहिल्या पिढीस तुटलेला धागा कोठे तुटला हे पाहून गाठ मारावी लागे. नुसत्या हळहळीने कापड पुरे होत नसे. लॅपटॉपवर काम करणाऱ्या त्यांच्या मुलामुलींनाही तीच शिस्त उपयोगी पडणार आहे. बॅटरीचा दोष वेळीच ओळखावा, धोका दिसताच वापर थांबवावा, प्रत्येक गोष्टीची दिनांकासह नोंद ठेवावी आणि मग आपली मागणी निर्धाराने मांडावी. पावती, जॉब शीट आणि बॅटरीचा मासिक अहवाल हे तीन कागद एका पाकिटात जपून ठेवणे प्रत्येक घरास शक्य आहे. त्यासाठी खर्च येत नाही. आणि प्रसंग आलाच तर हमीच्या कागदावरील शब्दांना अर्थ प्राप्त करून देण्याचे सामर्थ्य त्याच तीन कागदांत असते.